प्रांतपाल येईपर्यंत

बाळारामच्या घरात सगळ्यांत जास्त धाक कुणाचा असेल तर तो मशीनचा. खाटेच्या उशाशी, खिडकीखाली हवेतून ऑक्सिजन काढणारं ते मांडीएवढं उंच पांढरं खोकं अष्टौप्रहर घरघरत असे. ती घरघर चालू आहे तोवर सगळं ठीक, असं घरानं मनाशी धरलं होतं. त्याची लेक रश्मी भाकऱ्या थापताना, दोरीवर कपडे टाकताना, फोनवर बोलतानासुद्धा एक कान तिकडे ठेवायची. वीज गेली की तिच्या आईच्या, जनीच्या, तोंडचं पाणी पळायचं. मशीन थांबलं की त्या शांततेत बाळारामचा श्वास ऐकू यायचा आणि तो ऐकत बसणं दोघींनाही सोसत नसे.

बाळारामची फुप्फुसं कामातून गेली होती. भट्टीच्या धुरानं गेली की विड्यांनी, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आता विचारून उपयोगही नव्हता. नाकात नळी असली की माणूस माणसात असायचा. चहा मागायचा, तळोज्याला नोकरीत असलेल्या मुलाला, सम्यकला, फोन लावून तो जेवला का विचारायचा, जनीची थट्टा करायची हौसही भागवून घ्यायचा. नळी निघाली की थोड्याच वेळात ओठ निळसर पडायचे आणि डोळे नुसते दाराकडे लागायचे. जनी रोज सकाळी ओल्या फडक्यानं मशीन पुसायची. पुढून पुसायची, मागची जाळी पुसायची, घरच्या म्हाताऱ्या माणसाची पाठ चोळावी तशी.

पण मशीन घरचं नव्हतं. ते होतं म्हसळ्याच्या सागरतारा सेवा क्लबचं.

क्लबवाले चांगली माणसं होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे. मोतीबिंदूची शिबिरं त्यांनी घेतली, वाडीवस्तीवरच्या पोरांना दप्तरं दिली, एसटी स्टँडवर पाणपोई घातली. आजारी माणसाला लागणारं सामान, खाटा, कुबड्या, व्हीलचेअर, ते घरोघर वापरायला देत आणि त्याचा एक रुपया घेत नसत. खोड एकच. दिलेलं दिसलं पाहिजे, ही त्यांची हौस. पाणपोईवर पाण्याच्या नळापेक्षा फलक मोठा होता. वर्षातून एकदा त्यांचे प्रांतपाल, म्हणजे सगळ्या जिल्ह्यातल्या क्लबांवरचे मोठे साहेब, भेटीला येत. त्या दिवशी वर्षभरात दिलेलं सामान घरोघरून गोळा करून स्टेजवर मांडायचं आणि साहेबांच्या हस्ते ज्याचं त्याला पुन्हा द्यायचं, अशी तिथली रीत होती. कुबड्या आणि खाटांच्या बाबतीत ती खपूनही जायची.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी नूतनबाई आल्या तेव्हा रश्मीनं आधी मशीनकडे पाहिलं. बाई क्लबच्या सचिव. त्याआधी हायस्कुलात रश्मीला त्यांनीच शिकवलेलं. हे मशीनही त्यांनीच क्लबला दिलेलं होतं, आपल्या नवऱ्याच्या नावानं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत विश्राम मोकल गाडीत बसल्या बसल्या गेले. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, आणि ऑक्सिजन कुठेच नाही. बाई त्याबद्दल कधी बोलत नसत, पण अख्ख्या तालुक्याला ते ठाऊक होतं.

"फक्त सकाळपुरतं," बाई खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या. "तोवर सिलिंडर ठेवते. दुपारी जेवणाच्या आत मशीन परत. रश्मी, तू पण ये सोबत. लाभार्थी म्हणून दोन शब्द बोल."

"बाई, ते बंद करून न्यायचं म्हणजे..." रश्मीचं वाक्य पुरं झालं नाही. बाईंपुढे तिचं वाक्य शाळेपासूनच पुरं होत नसे.

"बाळ, मलाही नको वाटतं. पण अध्यक्षांचा आग्रह आहे. एकाला सूट दिली की सगळे मागतात. आणि मशीनसाठी यादीत आणखी माणसं थांबलीत, तुला माहिताय."

शेवटचं वाक्य बाईंनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, पण रश्मीला ते तसंच ऐकू आलं. मशीन एकदा हातचं गेलं तर दुसरं कुठून आणायचं?

"नेऊ दे गं," बाळाराम नळीतून श्वास ओढत म्हणाला. "त्यांचा उपकार हाय आपल्यावर. मी कुठं पळून जातोय?"

सकाळी क्लबसाठी सामान गोळा करणाऱ्या साहिलचा टेम्पो दारात आला. बाईंनी स्वतः सिलिंडर जोडून दिला. त्याच्यावर एक घड्याळ होतं. काटा हिरव्यावर असला की ठीक, तांबड्यावर गेला की संपत आला, हे त्यांनी जनीला दोनदा समजावलं. जनीला अक्षरओळख नव्हती, पण हिरवं-तांबडं कळायला ती कशाला लागते? मशीनचं बटण बंद झालं. घर एकदम मुकं झालं आणि रश्मीला वाटलं, आत्ताच म्हणावं, नका नेऊ. तिनं म्हटलं नाही. बाळारामनं हात हलवून तिला जा म्हणून खुणावलं.

हॉलमध्ये मांडामांड झाली होती. स्टेजवर खाटा, व्हीलचेअर, कुबड्यांची रांग, आणि मधोमध मानाच्या जागी मशीन. सगळ्याला मिळून एक निळी सॅटिनची फीत गुंडाळली होती. मशीनला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवला. गणराजशेठ, यंदाचे अध्यक्ष, त्या मार्चच्या उकाड्यात कोट घालून घामाघूम फिरत होते. सिमेंट-पत्र्यांचं त्यांचं दुकान आणि माणूस सवयीनं सगळं ओरडूनच बोलायचा.

"मॅडम, नाव कुठंय नाव? एवढंसं लेबल कुणाला दिसणार? मोठा स्टिकर केलाय ना आपण?"

"पुढे जागा नाही. बटणं आहेत, बाटली आहे," नूतनबाई म्हणाल्या.

"मग फिरवा. पाठ करा लोकांकडे. मागं प्लेन आहे."

मशीन फिरवलं गेलं. बाईंनी पिशवीतून स्टिकर काढला. ताटाएवढा मोठा, त्यावर विश्रामसरांचा हसरा फोटो आणि खाली 'कै. विश्राम मोकल यांच्या स्मरणार्थ'. बाईंनी तो मागच्या बाजूला लावला आणि तळहातानं वरून खाली सावकाश दाबत नेला. एकही सुरकुती राहू दिली नाही. रश्मीनं ते पाहिलं आणि नजर वळवली, कारण बाईंचे डोळे भरले होते.

मग बाई पाहुण्यांना आणायला दिघीच्या धक्क्यावर निघून गेल्या. प्रांतपाल मुरूडकडून यायचे, आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीत चढून इकडे उतरायचे.

ते आलेच नाहीत. म्हणजे येत होते. वारा सुटला होता, बोट पलीकडेच थांबवली होती, आता सुटेल, आता सुटली असेल. दर थोड्या वेळानं गणराजशेठ माइकवर येऊन ही बातमी सांगत आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा करत. मधला वेळ भरायला एका सभासदानं सेवेवर कविता वाचली. एकानं विनोद सांगितले. लाभार्थ्यांच्या रांगेत रश्मी हातात गुलाबाचं फूल धरून बसली होती. फुलाचा देठ तिच्या घामानं ओला झाला होता.

फोन वाजला.

"किती येळ गं?" जनीचा आवाज चोरट्यासारखा, बाळारामला ऐकू जाऊ नये म्हणून.

"येतेच, आये. बाबा कसे?"

"काटा हिरव्याच्या कडंला आलाय. त्यांना दम लागला म्हून मी जरा जास्त सोडला. चुकलं का माझं?"

"नाही गं. नाही चुकलं." जास्त सोडला म्हणजे लवकर संपणार. "आता पहिल्यासारखा कर. मी निघतेच."

ती उठून अध्यक्षांकडे गेली. "सर, मला मशीन घेऊन निघायला लागेल. बाबांचा सिलिंडर..."

"अगं पाहुणे आले की पाच मिनिटं. फीत कापली की तू मोकळी."

"सर, थांबता येणार नाही."

"असं कसं? पेपरवाले बसलेत. मधली वस्तूच गेली तर फोटोत काय, खाटा दाखवू?" ते हसले. दुष्टपणानं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की बायकामाणसं घाबरट असतात आणि पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं.

रश्मीनं नूतनबाईंना फोन लावला. धक्क्यावर रेंज नसते. पुन्हा लावला. पुन्हा. ती येऊन जागेवर बसली आणि स्वतःवरच चिडली. बसलीस कशाला, असं मन म्हणत होतं आणि पाय हलत नव्हते. उद्या मशीन काढून नेलं तर? आज वाचवायला जावं आणि उद्या कायमचं हातचं जावं, तर? भीती दोन्हीकडून होती आणि दोन्हीकडे बाळारामच होता. समोर विश्रामसर स्टिकरवरून हसत होते.

पुन्हा फोन. या वेळी जनी बोललीच नाही. फोन तिनं बहुतेक खाटेवर ठेवला होता. पलीकडून फक्त श्वास येत होता, तोंड उघडं टाकून ओढलेला. मग जनीचा आवाज, लांबून, "तांबड्यात गेला गं."

रश्मी उठली. स्टेजच्या पायऱ्या कशा चढली ते तिला आठवत नाही. कविता वाचणारा गृहस्थ दुसऱ्या कवितेच्या मध्यावर होता, तो थांबला. तिनं नारळ बाजूला ठेवला, फीत ओढली. सॅटिन तुटत नाही. ती लांबत गेली, कुबड्या धडाधड पडल्या, आणि फितीचा अख्खा पट्टा मशीनबरोबर तिच्या हातात आला.

"ए! ए मुली!" गणराजशेठ माइकवरच ओरडले.

"माझा बाप मरतोय," रश्मी म्हणाली. तेही माइकमध्ये गेलं.

ती मशीन चाकांवर ओढत दाराशी पोचते तोच बाहेर गाड्या थांबल्या. प्रांतपाल आले होते. ढोल सुरू झाला, ओवाळायला बायका पुढे सरसावल्या. त्या गर्दीतून, नूतनबाईंना शोधत न थांबता, ती कोपरानं वाट काढत उलटी निघाली. मागून गणराजशेठ आले, ढोलाच्या वर आवाज चढवून म्हणाले, "उद्या मशीन जमा करायचं! समजलं? क्लबच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही!" ते तिनं ऐकलं. पण ती थांबली नाही.

साहिल टेम्पोपाशी पान खात उभा होता. तिचा चेहरा पाहून त्यानं पान थुंकलं आणि काही न विचारता गाडी काढली. रश्मी मागे मशीनला मिठी मारून बसली. रस्त्यात खड्डे होते, म्हशी होत्या, समोरून खडीचा डंपर आला आणि अरुंद वाटेत साहिलला गाडी मागे घ्यावी लागली. रश्मी जनीला फोन लावत होती आणि जनी उचलत नव्हती. घरी वीज असेल ना? हा विचार मनात आला आणि तिनं केबिनच्या पत्र्यावर थापा मारल्या, चल म्हणून. सकाळी नका नेऊ एवढे दोन शब्द आपल्याच्यानं निघाले नाहीत, यापुढे ती विचार करू शकत नव्हती.

बाळाराम खाटेवर ओणवा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानापर्यंत उचललेले. ओठांना शाई लागल्यासारखा रंग होता. जनी त्याच्या पाठीमागे बसून त्याला धरून होती. तिनं रश्मीला मानेनं सिलिंडरकडे दाखवलं. सिलिंडर गप्प झाला होता.

रश्मीनं मशीन खिडकीखाली ढकललं. प्लग. बटण. वीज होती. दिवा लागला, घरघर सुरू झाली, तिनं नळी जोडून बापाच्या नाकात बसवली. "आलं बाबा, आलं. घ्या श्वास."

बाळारामनं ओढला. त्याच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. आणि मशीन केकाटायला लागलं.

तांबडा दिवा. तो आवाज या घरानं कधी ऐकला नव्हता. रश्मीनं बटण बंद करून चालू केलं. घरघर सुरू झाली, पण दबलेली, कोंडल्यासारखी, आणि पुन्हा तेच केकाटणं. नळीला कुठे पीळ पडला का? नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण? घट्ट होतं. टेम्पोत आपटलं? आपणच मोडलं का? बाळारामची मान पुढे झुकायला लागली होती.

"मोडलं वाटतं," तिला रडू फुटलं. "आये, मोडलं गं."

"न्हाय मोडलं," जनी म्हणाली, बाळारामला न सोडता. "आवाज बघ कसा येतोय. तोंड दाबल्यावानी. मागनं बघ, मागनं."

रश्मीनं मशीन भिंतीपासून ओढलं. हात मागे घातला. जिथे जनीचं फडकं रोज जाळीवरून खरखरत जायचं तिथे हाताला काचेसारखं गुळगुळीत लागलं. जाळी नव्हतीच. तिथे विश्रामसर हसत होते, सुरकुती न पडता, चारी कडांनी घट्ट. हवा आत घेणारं मशीनचं तोंड त्यांच्या फोटोखाली बंद होतं.

तिनं नखं लावली. स्टिकर निघेना. बाईंनी मन लावून दाबला होता. कड उचलली, फाटली, दुसरी कड धरली, फोटोचा अर्धा चेहरा हातात आला, तिनं तो फेकला आणि उरलेला ओरबाडला. शेवटचा तुकडा निघाला तसं मशीननं मोठा श्वास घेतला. खरंच घेतला, खोलीभर ऐकू आला. केकाटणं थांबलं. दिवा हिरवा झाला.

बाळारामच्या ओठांचा रंग परतायला बराच वेळ लागला. रश्मी जमिनीवर बसून बापाच्या पावलांना हात लावून होती, ती गार आहेत की कोमट ते बघत. मग त्यानं मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "भाषण केलंस का गं?"

तेव्हा कुठे जनी रडली.

रश्मीला मात्र रडायला सवड नव्हती. उद्या जमा करायचं, हे शब्द कानात होते. मशीनला अजून ती निळी फीत लोंबत होती. तिनं ती मशीनच्या मुठीतून ओवली, खाटेच्या लोखंडी पायाला गुंडाळली आणि गाठ मारली. यानं काय होणार होतं? एक कात्री लावली की तुटणार. पण तिला त्या घडीला दुसरं काही सुचलं नाही.

ऊन कलायच्या आतच दारात गाडी थांबली. क्लबची गाडी. रश्मी उठून मशीनच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली.

नूतनबाई एकट्याच आत आल्या. जरीची साडी, खांद्यावर क्लबचा पट्टा तसाच.

"बाई, मशीन देणार नाही मी," रश्मी म्हणाली. बाईंपुढे तिचं वाक्य पहिल्यांदा पुरं झालं होतं.

बाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. खाटेजवळ जमिनीवर स्टिकरचे तुकडे पडले होते. एकावर डोळा आणि कपाळ, एकावर 'स्मरणार्थ'. "मुद्दाम नाही फाडला, बाई. जाळीवर बसला होता. हवाच जात नव्हती आत. बाबा..."

बाई खाली बसल्या, जरीच्या साडीसकट, जमिनीवर. त्यांनी मशीनच्या मागे हात नेला आणि तळहात जाळीपुढे धरला. हवा आत ओढली जात होती. हात तिथेच राहिला.

"मीच लावला," त्या म्हणाल्या. "दाबून दाबून लावला गं मी." त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती उतरली ती रश्मीनं ओळखली. दिवसभर तीच तिच्या अंगात होती. बाईंच्या अंगात ती बहुधा विश्रामसर गाडीत गेले त्या दिवसापासून असावी.

"बाई, खाली का बसलाव?" बाळाराम खाटेवरून म्हणाला, तोडत तोडत, पण नीट. "खुर्ची हाय. जने, चा टाक."

बाईंनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. हात मागे घेताना तो फितीला लागला. त्यांनी फीत चाचपली, खाटेच्या पायापर्यंत माग काढत गेल्या, गाठ सापडली. रश्मी पुढे सरकली. आता सोडणार.

बाईंनी गाठ ओढून पाहिली. सॅटिनची गाठ सैलावते. मग त्यांनी फितीची दोन्ही टोकं हातात घेतली आणि तिच्यावर आणखी एक गाठ मारली, सगळा जोर लावून.